सहावा नंबर

‘श्वास’ ऑस्करमध्ये सहावा आला होता, हे मला आजवर निदान दहा जणांनी सांगितलं असेल. त्यात एक प्राध्यापक होते, एक रिक्षावाले होते, आणि माझी नाशिकची मावशी तर दर वर्षी मार्च उजाडला की सांगतेच. सांगताना प्रत्येकाचा आवाज जरा खाली येतो. घरातल्या हुशार मुलाचं मेडिकल अर्ध्या मार्काने हुकलं हे पाहुण्यांना सांगताना येतो तसा. ‘पाचच घेतात ना ते. आपला सहावा होता.’

अकादमी असा क्रम जाहीर करत नाही. 2005 च्या फेब्रुवारीत झालेल्या 77 व्या सोहळ्यात परभाषी चित्रपटांच्या गटात पाच नामांकनं होती: स्पेन, फ्रान्स, जर्मनी, स्वीडन आणि दक्षिण आफ्रिका. पुरस्कार स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ला मिळाला. उरलेल्या देशांत कोण कितवा होता हे बाहेर सांगायची पद्धतच नाही. पण गुणवत्ता यादीवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना ‘यादीत नाही’ हा निकाल पचत नाही. यादीत नाही म्हणजे यादीच्या लगेच खाली असणार. तिथून हा सहावा नंबर जन्माला आला असावा, आणि आता तो छापील मजकुरातही सापडतो.

पूर्वी मी ही माहिती दुरुस्त करायचे. आता करत नाही. एक तर समोरच्याचा चेहरा उतरतो. दुसरं असं, की त्या खोट्या आकड्यात एक खरं मत दडलेलं आहे असं मला वाटू लागलं आहे. चित्रपट चांगला होता, तो त्यांच्यापर्यंत जवळजवळ पोचला होता, आणि शेवटच्या पावलावर काहीतरी अडलं, असं सांगणाऱ्याला म्हणायचं असतं. काय अडलं हे मात्र तो सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. भाषांतराच्या धंद्यात असल्यामुळे मला नेमकं तेवढंच विचारावंसं वाटतं.

2023 च्या 13 मार्चला सकाळी मावशीचा फोन आला तेव्हा मी सरगूरमध्ये होते. म्हैसूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं हे गाव पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होतं, आता स्वतःच तालुक्याचं ठिकाण झालं आहे. कबिनीचं धरण जवळ, एका अंगाला नागरहोळेचं जंगल, दुसऱ्या अंगाला बंडीपूर. एका कन्नड कादंबरीचं भाषांतर शांतपणे संपवावं म्हणून तिथे येऊन राहिले होते. त्या सकाळी शांतता कसली? चहाच्या दुकानातल्या टीव्हीवर लॉस एंजलीसची दृश्यं पुन्हा पुन्हा फिरत होती. ‘आरआरआर’मधल्या ‘नाटू नाटू’ला गाण्याचा पुरस्कार मिळाला होता, आणि कार्तिकी गोन्साल्व्हिस यांच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला छोट्या माहितीपटाचा.

दुसरी बातमी सरगूरच्या शेजारघरचीच म्हणायची. बंडीपूरचं जंगल संपतं तिथे मुदुमलै सुरू होतं, आणि मुदुमलैतल्या तेप्पकाडू इथल्या हत्तींच्या छावणीत बोम्मन आणि बेळ्ळी हे जोडपं रघू नावाचं पोरकं पिल्लू कसं वाढवतं, याचा हा माहितीपट. ते दोघे काट्टुनायकन जमातीचे. सरगूरच्या आसपासच्या हाड्यांवर राहणाऱ्या जेनु कुरुबांशी या जमातीचं जवळचं नातं सांगतात. तेव्हा इथल्या लोकांना या पुरस्काराचं विशेष काही वाटेल अशी माझी बाळबोध समजूत होती.

मतं भरपूर पडली. तेलुगू लोकांनी करून दाखवलं, आपले कधी करणार, असं एक जण म्हणाला. दुचाकीवर अप्पूचं, म्हणजे पुनीत राजकुमारचं चित्र लावलेला एक पोरगा म्हणाला, हत्ती आणि जंगलच हवं होतं तर अप्पूच्या ‘गंधद गुडी’त काय कमी होतं? एका शेतकऱ्याने हत्तीवर पिक्चर काढणाऱ्यांना आपल्या रागीच्या शेतावर एक रात्र राखणीला बसायचं जाहीर आमंत्रण दिलं. सोहळ्याच्या सूत्रधाराने ‘आरआरआर’ला ‘बॉलिवूड’ म्हटल्याचं टीव्हीवर आलं, तेव्हा मात्र दुकानात क्षणात एकमत झालं. मघापर्यंत तेलुगूवाल्यांवर जळणारेही आता त्यांच्या बाजूने भांडायला उठले.

या गलक्यात वनखात्यात रोजंदारीवर जाणारे हाडीवरचे एक गृहस्थ कोपऱ्यात ग्लास धरून बसले होते. त्यांनी तो माहितीपट मुलाच्या मोबाइलवर पाहिला होता. ‘कसा वाटला?’ मी विचारलं. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, ‘चांगला आहे. पण ती दोघं घरात एकमेकांशी तसंच बोलत असतील का?’ मी म्हटलं, म्हणजे? ते म्हणाले, ‘कॅमेरा आला की माणूस बाहेरची भाषा बोलतो. आम्ही पण साहेबांसमोर वेगळं बोलतो.’

त्या सकाळी ऐकलेल्या सगळ्या मतांपैकी चित्रपटाबद्दलचं असं हे एकच होतं. बाकीची सगळी पुरस्काराबद्दल होती.

कन्नडमध्ये सिनेमाच्या चाहत्याला ‘अभिमानी’ म्हणतात. गावोगावी अभिमानींचे संघ असतात, नाक्यावर त्यांचे फलक असतात. डॉ. राजकुमार आपल्या प्रेक्षकांना ‘अभिमानी देवरु’ म्हणत, आपले चाहते म्हणजे देवच. आपल्याकडे नटमंडळी ‘रसिक मायबाप’ म्हणतात त्याच जातीचं हे संबोधन. पण भाषांतराला बसलं की घोटाळा होतो. मराठीत अभिमानी म्हणजे ताठ मानेचा, कशाचा तरी गर्व बाळगणारा. कन्नड अभिमानीला मी मराठीत सरळ ‘चाहता’ करते आणि पुढे जाते. चाहणं म्हणजे प्रेम करणं, त्यामुळे भाषांतर चूक नाही. तरी दर वेळी पेन जरा अडखळतं, कारण कन्नड शब्दातली ताठ मान ‘चाहता’त येत नाही. आणि मराठी प्रेक्षकालाही ती मान आहे. एरवी तो चाहता असतो, घरी बसून नावं ठेवतो, मध्यंतरात उठून जातो, दुसऱ्यांदा तोच चित्रपट पाहून मत बदलतो. पुरस्काराच्या रात्री मात्र तो कन्नड अर्थाने नव्हे, मराठी अर्थाने अभिमानी होतो. मग चित्रपट कसा आहे हा प्रश्न त्याला थोडा फितुरीसारखा वाटू लागतो.

‘श्वास’च्या वेळी हे फार जवळून पाहिलं. संदीप सावंत यांचा हा चित्रपट आधी राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला, आणि लगेच बातम्यांत हिशेब आला: आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी! मग तो भारताकडून ऑस्करला गेला. तिथे नुसता चित्रपट पाठवून भागत नाही, तिकडे जाऊन खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, लोकांना पाहायला बोलवायचं, याला पैसा लागतो. निर्मात्यांकडे तो नव्हता. तेव्हा महाराष्ट्राने जे केलं ते फक्त महाराष्ट्रच करू शकतो, म्हणजे वर्गणी काढली. नाट्यसंस्थांनी पैसे दिले, देवस्थानाने दिले, शाळेतल्या मुलांनी जमवले. गणपतीची पावती फाडावी तशी ऑस्करची पावती फाटली. त्या काळात मी नुकतीच एम.ए. होऊन भाषांतरं करू लागले होते. आमच्या चौघी-पाचजणींच्या गटात ‘श्वास’बद्दल काही बारीक शंका काढली, तर ‘अगं, पण आपला आहे ना’ एवढंच उत्तर यायचं. वर्गणी दिलेल्या गणपतीच्या मूर्तीला कोण नाव ठेवणार?

शंका होत्या. रुग्णालयातल्या काही संवादांना माहितीपत्रकाचा वास येतो असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. आणि तरी तो मोठा चित्रपट आहे, तो अरुण नलावडे यांच्या आजोबांमुळे. डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार, शस्त्रक्रिया झाली तरच तो वाचणार, आणि हे त्या पोराला सांगायचं आजोबांनी. हे आजोबा कोकणातले आहेत. त्यांचं मराठी आणि डॉक्टरांचं शहरी मराठी यांच्यात जी दरी आहे ती चित्रपटाच्या निम्म्या वेदनेचं कारण आहे. म्हाताऱ्याला रोग कळत नाही असं नाही. रोगाबद्दल ज्या मराठीत बोललं जातं त्या मराठीत त्याला रडता येत नाही, विचारता येत नाही, भांडता तर मुळीच येत नाही. इंग्रजी सबटायटलमध्ये दोघेही एकाच सुरात, एकाच स्वच्छ इंग्रजीत बोलतात. पडद्यावर अवघडलेला चेहरा आणि खाली सरळसोट वाक्य. परक्या परीक्षकाला म्हातारा दुःखी दिसणार, पण तो मुका झाला आहे हे कदाचित दिसणार नाही.

मावशीचा सहावा नंबर मला इथे सापडतो. मी असं म्हणत नाही की सबटायटलमुळे पुरस्कार गेला. जर्मनीचा ‘डाउनफॉल’ त्या वर्षी नामांकनात होता, त्यालाही सबटायटलं होती, आणि त्यालाही मिळाला नाही. पण ‘काहीतरी पोचलं नाही’ या लोकांच्या भावनेला एवढा तरी आधार आहे. अडचण अशी की ही भावना लगेच ‘त्यांना आपलं कळत नाही’ या वाक्याचा झेंडा हाती घेते, आणि मग मोजणी सुरू होते.

मोजणीचंच पाहा. ‘श्यामची आई’ 1953 चा, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. ‘श्वास’ 2003 च्या यादीत. मधला काळ म्हणजे मराठी सिनेमाचा वनवास, असं लिहिण्याची तेव्हा पद्धतच पडली. या वनवासात ‘सामना’ 1975 साली बर्लिनच्या स्पर्धेत जाऊन आला, ‘सिंहासन’ आला, ‘उंबरठा’ आला. ते मोजणीत बसत नाहीत, कारण मोजणी फक्त पदकाची. त्याच पन्नास वर्षांत कन्नडने सहा वेळा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार नेला: 1970 चा ‘संस्कार’, जो आधी सेन्सॉरने अडवला होता, 1975 चा ‘चोमन दुडी’, आणि नंतर एकट्या गिरीश कासारवल्लींचे चार, ‘घटश्राद्ध’, ‘तबरन कथे’, ‘तायि साहेब’ आणि ‘द्वीप’. हे मी सरगूरमधल्या माझ्या शेजाऱ्यांना, निवृत्त शाळामास्तरांना कौतुकाने सांगायला गेले. सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणतात, मीही म्हणते. सहापैकी त्यांनी दोन पाहिले होते. ‘अवॉर्ड पिक्चर,’ ते म्हणाले, ‘पाहायचे नसतात, मेडम. ते आहेत हे माहीत असायचं असतं.’ ‘द्वीप’ मात्र त्यांनी पाहिला होता. धरणाच्या पाण्याने वेढत चाललेल्या कुटुंबाचा तो चित्रपट आहे, आणि कबिनीच्या धरणात कुणाचं गाव गेलं, कुणाचं शेत, हे इथे अजून नावानिशी सांगतात. त्या चित्रपटाबद्दल ते अर्धा तास बोलले. पुरस्काराचं नाव निघालं नाही.

मराठीचा वनवास संपला तो असा संपला की पुढच्या तेरा वर्षांत आणखी तीन सुवर्णकमळं आली: ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. ‘देऊळ’ला ते ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर विभागून मिळालं. ब्यारी ही किनारी कर्नाटकातल्या मुस्लिमांची भाषा आणि तिच्यातला हा पहिलाच चित्रपट. आपल्या आनंदोत्सवात या भाषेची कुणी विचारपूस केल्याचं मला आठवत नाही. विभागून म्हटल्यावर दुसऱ्या निम्म्याकडे बघायचं कशाला?

पण मला बोलायचं आहे ते ‘कोर्ट’बद्दल. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिला चित्रपट. 2014 साली व्हेनिसमध्ये ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट, शिवाय पदार्पणाचा पुरस्कार. 2015 च्या मार्चमध्ये सुवर्णकमळ, एप्रिलमध्ये तो चित्रपटगृहांत लागला, आणि सप्टेंबरमध्ये अमोल पालेकर अध्यक्ष असलेल्या समितीने तो भारताकडून ऑस्करसाठी निवडला. अभिमान वाटून घ्यायला आणखी काय लागतं? तरी या वेळी वर्गणी निघाली नाही. मी पुण्यात पहिल्याच आठवड्यात पाहिला तेव्हा मध्यंतरानंतर पुढच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. बाहेर येताना एक गृहस्थ बायकोला म्हणत होते, ‘ह्याला दिलं?’ दोन शब्द. त्यांना चित्रपटाचा राग नव्हता, दिल्याचा राग होता. पुरस्कार नसता तर ते आलेच नसते, आणि आले नसते तर चिडलेही नसते. ‘कोर्ट’ला नामांकन मिळालं नाही तेव्हा कुणी त्याला सहावा नंबर दिला नाही.

का दिला नाही? चित्रपट संथ आहे म्हणून, हे नेहमीचं उत्तर. मला ते पटत नाही. ‘श्वास’ही काही धावत नाही.

‘कोर्ट’मध्ये नारायण कांबळे नावाचे म्हातारे लोकशाहीर आहेत. वीरा साथीदार यांनी ते उभे केले, आणि ती गाणी संभाजी भगतांची आहेत. गटारात उतरून काम करणारा वासुदेव पवार मरतो, आणि कांबळ्यांच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा आरोप ठेवून शाहिरांना अटक होते. खटला चालतो. बचावाचा वकील गुजराती घरातला, त्याची सोय इंग्रजी-हिंदीची. सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, मराठी घरातली, पण कायद्याची कलमं इंग्रजीत एका दमात वाचून दाखवणारी. साक्षीदार मराठीत बोलतात. आणि न्यायाधीश काय करतात? ऐकतात, आणि साक्षीचा सारांश नोंदीसाठी टंकलेखकाला इंग्रजीत सांगतात.

हे लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीत सावरून बसले होते. या चित्रपटात एक भाषांतरकार आहे आणि तो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला आहे. माणूस अडखळत, परत मागे जात, नको ते तपशील देत सांगतो, आणि नोंदीत एक नीटनेटकं इंग्रजी वाक्य पडतं. ते वाक्य खोटं नसतं. आपण रोज करतो तेच ते करतात, मजकूर कळेल असा करतात. वासुदेवच्या बायकोची साक्ष आठवा. गटारात उतरण्याआधी नवरा झुरळं दिसतात का ते बघायचा, झुरळं दिसली तर आत हवा आहे. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. हे ती रडत सांगत नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. त्या सपाट स्वरात तिचं सगळं आयुष्य आहे. नोंदीत जाणार ती माहिती. स्वर जायला तिथे रकानाच नाही.

आता सबटायटलांकडे या. ‘कोर्ट’मध्ये मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषा आहेत. कोण कधी कुठल्या भाषेत शिरतो, कुणाला कुठली भाषा येत नाही, कोण येत असून बोलत नाही, यावर चित्रपटाचा सगळा डोलारा. परक्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर यातल्या तीन भाषा एकाच इंग्रजीत उतरतात आणि चौथी तर तीच असते. म्हणजे जे काम चित्रपटातले न्यायाधीश साक्षीदारांचं करतात, तेच सबटायटल सबंध चित्रपटाचं करतं. ज्या यंत्रणेवर चित्रपट बोट ठेवतो तिच्यातूनच त्याला जगापुढे जावं लागतं. सबटायटल करणाऱ्याचा यात दोष नाही. मी थोडंफार हे काम केलं आहे. दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, वाचायला दोन-चार सेकंद. त्यात ‘लोकशाहीर’ कुठे बसवणार? ‘फोक सिंगर’ म्हटलं की गिटार घेतलेला गोरा पोरगा डोळ्यांसमोर येतो, आणि आंबेडकरी जलशांची सबंध परंपरा दारातच राहते.

इथे मावशीचं म्हणणं शंभर टक्के लागू पडतं. त्यांना कळण्याआधीच काहीतरी गळून गेलं होतं. पण याच चित्रपटाच्या वेळी मावशी हे म्हणाली नाही. आणि ते साहजिक आहे, कारण आपली माणसं या चित्रपटातच बसलेली आहेत. नूतन एका सुट्टीच्या दिवशी नवऱ्यामुलांबरोबर नाटकाला जाते. नाटकातला मराठी बाप परप्रांतीय मुलाला घराबाहेर काढतो, भाषण ठोकतो, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणतं. नूतनचं कुटुंब खूश. ही बाई दुष्ट नाही. ती लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, दमते, आणि उद्या एका म्हाताऱ्या शाहिराला वीस वर्षांसाठी आत टाकावं म्हणून युक्तिवाद करेल. त्याच चित्रपटात बचावाच्या वकिलाच्या तोंडाला भावना दुखावलेल्या जमातीचे लोक काळं फासतात. ताम्हाण्यांनी अभिमानी प्रेक्षकालाच पडद्यावर बसवलं आहे, टाळ्या वाजवताना. आता त्या प्रेक्षकाने या चित्रपटासाठी टाळ्या वाजवाव्यात कशा? ‘ह्याला दिलं?’ म्हणणाऱ्या पुण्याच्या गृहस्थांना चित्रपट कळला नाही असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, त्यांना बरोबर कळला होता.

त्यामुळे पुरस्कारावरची लोकांची मतं म्हणजे नुसता कोलाहल, असं जे आपल्यातले जाणकार म्हणतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. ती मतं चुकीच्या शब्दांत मांडलेली असतात, एवढंच. सहावा नंबर म्हणजे भाषांतराबद्दलची तक्रार. ‘ह्याला दिलं?’ म्हणजे आरशाबद्दलची. समीक्षकाचं काम ही वाक्यं उलगडायचं, आणि आम्ही करतो काय, तर आकडेवारी दुरुस्त करतो.

2020 च्या जानेवारीत बाँग जून-हो यांनी गोल्डन ग्लोब घेताना सबटायटलांच्या इंचभर कुंपणाबद्दल जे बोलून दाखवलं ते जगभर गाजलं. पुढच्या महिन्यात ‘पॅरासाइट’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर नेले. आपल्याकडेही ते वाक्य अभिमानाने फिरलं. पण कोरियन चित्रपटाच्या चर्चेत एक गोष्ट झाली ती आपल्याकडे होत नाही. इंग्रजी सबटायटलं करणारे डार्सी पाकेट यांच्यावर लिहिलं-बोललं गेलं. ‘जापागुरी’ या दोन प्रकारचे झटपट नूडल्स एकत्र करून बनवायच्या पदार्थाचं त्यांनी ‘राम-डॉन’ केलं, रामेन आणि उदोन जोडून, यावर लोक वाद घालत बसले. पदार्थाच्या नावावर! मला हेवा वाटला तो पुरस्काराचा नाही, या वादाचा. ‘श्वास’ची सबटायटलं कुणी केली हा प्रश्न मी एकाही पुरस्काराच्या चर्चेत ऐकलेला नाही. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत संवादांना पुरस्कार आहे, गीतांना आहे, सबटायटलांना नाही. ऑस्करलाही नाही. आणि दिल्लीतल्या परीक्षकांपैकी ज्यांना मराठी येत नाही तेही मराठी चित्रपट इंग्रजी ओळींतूनच पाहतात. ज्या खिडकीतून सगळे पाहतात तिची काच कुणी पुसली हे विचारायला नको?

दादासाहेब फाळक्यांना हा त्रास नव्हता. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ मुका. पाट्या बदलल्या की चित्रपट कुठेही चालला असता, आणि 1914 साली ते आपले चित्रपट घेऊन लंडनला गेलेही. त्यांच्याच नावाचा पुरस्कार 1995 सालासाठी राजकुमारांना मिळाला तेव्हा कर्नाटकात मोठा उत्सव झाला असं मेष्ट्रु सांगतात. फाळके मराठी, हे त्यांना माझ्याकडून कळलं. ‘असं?’ ते म्हणाले, ‘मग तुम्हीच दिला म्हणायचा.’

या मेष्ट्रुंना एका संध्याकाळी मी ‘कोर्ट’ दाखवला. माझ्या लॅपटॉपवर, इंग्रजी सबटायटलांसह. त्यांना मराठी येत नाही, हिंदी कामापुरतं, इंग्रजी शाळामास्तराचं, म्हणजे पक्कं. पहिला अर्धा तास ते अस्वस्थ होते. कोर्टातल्या दृश्यांत दोनदा त्यांनी मला थांबवून विचारलं, ‘आता ही कुठल्या भाषेत बोलली?’ मी सांगितलं. पुढे ते दर थोड्या वेळाने विचारत राहिले, आणि मी शेजारी बसून भाषेचं नाव सांगत राहिले: मराठी, हिंदी, परत मराठी, आता इंग्रजी. चित्रपटाला जे सबटायटल हवं होतं ते हे, असं वाटून गेलं.

नाटकाचं दृश्य आलं. मेष्ट्रु पुढे सरकले. बापाचं भाषण, टाळ्या, हसणारे चेहरे. या वेळी त्यांनी भाषा विचारली नाही. मोठ्याने हसले. ‘हे नाटक आमच्याकडे पण असतं, मेडम,’ ते म्हणाले, ‘फक्त आमच्या नाटकात घराबाहेर काढतात ते तुम्हाला.’

बेळगावचं नाव दोघांनीही काढलं नाही. मी चहा ठेवायला उठले. चित्रपट संपला, न्यायाधीश बाकावर डुलकी घेताना, पोरं ओरडून त्यांना दचकवताना. मेष्ट्रुंनी चष्मा काढून पुसला. शाहिराचं पुढे काय झालं, असं त्यांनी विचारलं, मी म्हटलं, दाखवलं नाही. त्यांनी मान हलवली. मग जायला उठले तेव्हा दाराशी थांबून म्हणाले, ‘हे ऑस्करला गेलं होतं म्हणालात ना? कितवा नंबर आला?’

‘सहावा,’ मी म्हटलं.

‘वाईट नाही,’ मेष्ट्रु म्हणाले, आणि चपला घालू लागले.